आख्यातप्रत्ययांची साक्ष : रायपूरपासून आद्य भारत-युरोपीय भाषेपर्यंत

१

इ. स. १८९० मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात छत्तीसगढी बोलीचे एक व्याकरण प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतर आणि संपादन जॉर्ज ग्रियर्सन यांचे होते. मूळ ग्रंथ मात्र रायपूरच्या हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ च्या सुमारास हिंदीत सिद्ध केला होता. हीरालाल हे व्यवसायाने शिक्षक. धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी सांभाळले होते. ज्या बोलीला त्या काळी शाळेत प्रवेश नव्हता, तिच्याच नामांची आणि क्रियापदांची कोष्टके या मुख्याध्यापकाने मांडली, आणि त्यांच्या जोडीला गाणी, गोष्टी व म्हणी दिल्या. ग्रियर्सन यांची भारतीय भाषांची पाहणी प्रत्यक्षात सुरू झाली ती १८९४ मध्ये. म्हणजे पाहणीचा अधिकारी रायपूरला पोचण्यापूर्वीच रायपूरची साक्ष नोंदली गेली होती. १९२१ मध्ये लोचनप्रसाद पांडेय यांनी हे व्याकरण वाढवून पुन्हा प्रसिद्ध केले.

या ग्रंथातील क्रियापदांची कोष्टके वरवर पाहता शुष्क वाटतात. मैं जाथौं, तैं जाथस, वो जाथे. मैं जाहूँ, तैं जाबे, वो जाही. शाळकरी मुलाने घोकावे असे हे रूपांचे ताटवे. परंतु भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर व्याकरणाच्या संपूर्ण ग्रंथात याहून मोलाचा कागद नाही. दोन भाषा एकमेकींच्या कोण लागतात, त्यांची समान पूर्वज भाषा कशी असावी, लिखित पुरावा जेथे संपतो त्याच्याही पलीकडे किती मागे जाता येते, या प्रश्नांची उत्तरे गेल्या दोन शतकांत मुख्यतः क्रियापदाच्या टोकाला चिकटलेल्या या एक-दोन वर्णांनी दिली आहेत. मराठी व्याकरणकारांनी त्यांना आख्यातप्रत्यय म्हटले. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या, एक ओळही लिहून न ठेवलेल्या आद्य भारत-युरोपीय भाषेची पुनर्रचना ज्या पुराव्यावर उभी आहे, त्याच जातीचा पुरावा रायपूरच्या बाजारातील बोलण्यातही आहे. त्या दोहोंना जोडणारी वाट कशी आहे, आणि तिच्यावर कोठे घसरण्याचा धोका आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

नात्याचा निवाडा करताना शब्दांपेक्षा प्रत्ययांवर अधिक भिस्त का ठेवावी, याचे उत्तर छत्तीसगढच्याच इतिहासात सापडते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरच्या हैहयांचा पराभव केला. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्यानंतर सुभेदारांचा अंमल आला. १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षकाने आपले ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी मुलखात गेला. या शतकाच्या राबत्यात मोडी लिपी आली, दप्तराची मराठी आली, मराठी घराणी येऊन स्थायिक झाली. रायपुरातील तात्यापारा या वस्तीच्या नावात मराठी ‘तात्या’ आणि छत्तीसगढी ‘पारा’ एकमेकांना खेटून उभे आहेत. नावे अशी सहज एकत्र नांदतात.

क्रियापदे मात्र नांदली नाहीत. शंभर वर्षांच्या मराठी अमलाने छत्तीसगढीला ‘तो गेला’ यातील लकार दिला नाही. ती ‘वो गइस’ असेच म्हणत राहिली. व्यापारी, शिपाई, पुरोहित आणि कारकून यांच्याबरोबर शब्द प्रवास करतात. पुरुष, वचन आणि काळ दाखविणारा प्रत्यय असा एकटा प्रवास करीत नाही. तो संपूर्ण कोष्टकाच्या विणीत अडकलेला असतो. म्हणून २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या आप्तसंबंधाविषयी जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यात त्यांनी धातूंच्या साम्याबरोबर व्याकरणाच्या रूपांचे साम्य आवर्जून पुढे ठेवले. आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घालणारा फ्रांझ बॉप यांचा १८१६ चा ग्रंथ शब्दकोशाविषयी नव्हता. तो संस्कृतच्या क्रियापद-विचाराची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना करणारा होता. एका नव्या शास्त्राचा जन्म आख्यातप्रत्ययांच्या कोष्टकात झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

३

या तुलनेचा नमुना म्हणून ‘असणे’ या एकाच धातूची वर्तमानकाळची रूपे घेता येतील. संस्कृतात अस्मि, असि, अस्ति आणि अनेकवचनी सन्ति. लॅटिनात सुम्, एस्, एस्त्, सुन्त्. गॉथिकमध्ये इम्, इस्, इस्त्, सिन्द्. जुन्या लिथुआनियनमध्ये एस्मि, एसि, एस्ति. आशिया मायनरमधील मृत्तिका-इष्टिकांवर कोरलेल्या हित्तीत एश्मि, एश्शि, एश्त्सि, अशन्त्सि. हे साम्य योगायोगाने घडणे शक्य नाही. पण साम्य दाखविणे आणि मूळ रूप सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या कामाला आरंभ झाला तो ऑगुस्ट श्लाइखर यांच्या १८६१-६२ मधील ग्रंथाने. प्रत्यक्ष कोठेही न आढळणाऱ्या, केवळ तर्काने सिद्ध केलेल्या रूपामागे तारका लावण्याची पद्धत त्यांच्या ग्रंथाने रूढ केली. ती तारका हे या शास्त्राचे प्रामाणिकपणाचे चिन्ह आहे. आजच्या समजुतीनुसार वरील मालिकेमागे *एस्मि, *एस्सि, *एस्ति, *सेन्ति अशा स्वरूपाची रूपे होती.

संस्कृतज्ञ वाचकाला यातील दुसऱ्या रूपापाशी थांबावेसे वाटेल. ‘अस्’ला ‘सि’ लावल्यावर ‘अस्सि’ व्हायला हवे. संस्कृतात ‘असि’ आहे. पाणिनीला हे ठाऊक होते. म्हणून सकारापूर्वी ‘अस्’चा सकार लोपतो, असा खास नियम त्याने केला. होमरच्या ग्रीकमध्ये मात्र ‘एस्सि’ हे दुहेरी सकाराचे रूप आढळते आणि हित्तीतही तो सकार दुहेरी लिहिलेला आहे. पाणिनीने नियम करून जो सकार लोपला असे सांगितले, त्याचे अस्तित्व हजारो मैलांवरच्या दोन भाषा उच्चाराने सिद्ध करतात.

याहून मार्मिक उदाहरण तृतीय पुरुषाच्या अनेकवचनाचे आहे. पाणिनीच्या अठरा तिङ् प्रत्ययांत ‘झि’ नावाचा एक प्रत्यय आहे. हा ‘झि’ कोणत्याही रूपात कोणाच्याही तोंडून कधी उच्चारला गेला नाही. झकाराच्या जागी ‘अन्त्’ येऊन ‘भवन्ति’ होते, आणि द्वित्व झालेल्या धातूंनंतर ‘अत्’ येऊन ‘ददति’ होते. दोन भिन्न दिसणाऱ्या प्रत्ययांमागे एकच अमूर्त प्रत्यय मानावा आणि त्यापासून दोन्ही साधावेत, ही पाणिनीची युक्ती. तौलनिक भाषाशास्त्रही तेथेच पोचले, पण वेगळ्या वाटेने. मूळ प्रत्यय *-न्ति. व्यंजनापुढे त्यातील नकार स्वरासारखा उच्चारला जाई, आणि अशा स्वरभूत नकाराचा संस्कृतात ‘अ’ होतो. म्हणून ‘ददति’तील ‘अ’ हा हरवलेल्या अनुनासिकाचा वारस आहे. पाणिनीने लाघवासाठी जे मानले, ते दोन सहस्रकांनंतर इतिहास म्हणून सिद्ध झाले. दोन्ही रीतींत फरक मात्र आहे. पाणिनीचा ‘झि’ व्यवस्थेच्या सोयीसाठी आहे. तारकांकित *-न्ति एके काळी कोणीतरी खरोखर बोलत होते, असा दावा आहे. हा दावा खोटाही ठरू शकतो, आणि म्हणूनच त्याला पुराव्याची अधिक गरज असते.

तो कसा खोटा ठरतो, याचेही उदाहरण आख्यातप्रत्ययांतच आहे. आरंभीच्या अभ्यासकांना संस्कृत ही सर्वांत जुनी म्हणून सर्वांत शुद्ध वाटे. साहजिकच ‘भरामि’ हे मूळ आणि ग्रीक-लॅटिनमधील ‘फेरो’, ‘फेरो’ ही झिजलेली रूपे, असा समज झाला. परंतु अवेस्तातील प्राचीनतम गाथांत याच वर्गातील क्रियापदे ‘मि’शिवाय, केवळ दीर्घ आकारान्त आढळली. म्हणजे येथे ग्रीक आणि लॅटिन यांनी जुने रूप राखले होते आणि संस्कृतने ‘अस्मि’, ‘ददामि’ यांच्या वळणावर ‘भरा’ला नवा ‘मि’ जोडला होता. वय आणि निष्ठा या एक गोष्टी नव्हेत, हा धडा शास्त्राने येथे घेतला. १९१५ मध्ये ह्रोझनी यांनी हित्तीची उकल केल्यावर तो अधिकच पक्का झाला. हित्तीत क्रियापदांचे दोन गण निघाले : एक ‘मि’चा, तो परिचित होता, दुसरा ‘हि’चा, तो अनपेक्षित होता. संस्कृत ‘वेद, वेत्थ’ या परोक्षभूताच्या वळणाच्या रूपांतील ‘थ’शी या दुसऱ्या गणाचे नाते आहे, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात, ते नाते नेमके कसे जुळवावे, याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही.

आणखी एक निष्कर्ष येथे नोंदवायला हवा. संस्कृतात वर्तमानकाळी भवामि, भवसि, भवति. पण भूतकाळी अभवम्, अभवः, अभवत्. दुसऱ्या मालिकेत पहिलीतील अंत्य इकार नाही. म्हणून मूळ प्रत्यय -म्, -स्, -त् हेच, आणि ‘हे आता घडते आहे’ असे सांगण्यासाठी त्यांना इकार जोडला गेला, असे आज सामान्यतः मानले जाते. अशा रीतीने ‘सि’च्या गाभ्यात उरतो तो एकटा सकार : समोरच्या माणसाला ‘तू’ म्हणणारा.

४

हा सकार आजही बोलला जातो, आणि रायपूरचे महत्त्व येथे सुरू होते. मराठी माणूस ‘तू जातोस’ म्हणतो. छत्तीसगढी माणूस ‘तैं जाथस’ म्हणतो. या दोहोंमध्ये ज्या प्रमाण हिंदीचे वर्चस्व आहे, तिच्यात ‘तू जाता है’ असे आहे. मध्यदेशातील भाषांत ‘-सि’चे ‘-हि’ झाले आणि पुढे ते स्वरात विरून गेले. राजधानीच्या भाषेने गमावलेला प्रत्यय जिला बोली म्हणून बाजूला सारले तिने राखला.

परंतु ‘जाथस’मधील ‘थ’ कोठून आला ? याचे उत्तर बाहेरच्या भाषेकडे न जाता छत्तीसगढीतच मिळते. ‘तू आहेस’ याला छत्तीसगढीत ‘तैं हस’ म्हणतात. ‘जात’ आणि ‘हस’ शेजारी आले, तकार आणि हकार मिळून थकार झाला, आणि ‘जाथस’ सिद्ध झाले. ‘जाथे’ म्हणजे ‘जात हे’. एका भाषेच्या आतल्या पुराव्यावरून तिचे मागचे रूप काढण्याची ही पद्धत, आणि आद्य भाषेच्या पुनर्रचनेतही तीच वापरली जाते. मराठी ‘जातोस’ची घडण समांतर आहे : वर्तमान कृदंताला पुरुषवाचक सकार जोडलेला. कृदंतावर क्रियापद उभारण्याची क्रिया दोन्हीकडे अलीकडची आहे. सकार मात्र दोन्हीकडे वडिलोपार्जित आहे.

मराठीने या सकाराचा व्याप आणखी वाढविला. ‘गेला’ हे मूळचे भूतकृदंत. त्याला पुरुषाचा प्रत्यय लागण्याचे कारण नव्हते. तरी मराठी ‘तू गेलास’ म्हणते, आणि ‘तू आंबा खाल्लास’ असेही म्हणते. ‘करशील’ या भविष्यरूपात तो शकार होऊन आत दडला आहे. जुन्या मराठीतील ‘करिसी’ला लकार जोडून ते रूप झाले. सकार जुना, पण त्याची काही घरे नवी. ज्ञानेश्वरीच्या भाषेचा अभ्यास केल्याशिवाय यातील जुने कोणते आणि नवे कोणते हे सांगता येत नाही, वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले, त्याचे मोल या दृष्टीने आजही आहे.

साम्याला भुलणे किती धोक्याचे, हे दाखविणारे एक उदाहरण तर या तीन भाषांनी जणू मुद्दाम रचून ठेवले आहे. बंगालीत ‘तुइ करिस’ म्हणजे तू करतोस. मराठीत ‘तू करीस’ म्हणजे तू करीत असस; मराठी व्याकरणाने ज्याला ई-आख्यात म्हटले ते हे रीतिभूताचे रूप. आणि छत्तीसगढीत ‘वो करिस’ म्हणजे त्याने केले. कानाला तिन्ही रूपे जवळजवळ एक. पैकी बंगाली आणि मराठी रूपे खरोखर सख्खी आहेत. अर्थ दुरावला असला, तरी दोन्ही प्राकृतातील ‘करसि’ची संतती. छत्तीसगढी ‘करिस’ मात्र परके आहे : पुरुष वेगळा, काळ वेगळा, आणि त्याचा उगम वर्तमानकाळात नसून भूतकृदंतात आहे. अर्थ बदललेले रूप नात्यातले निघते आणि हुबेहूब दिसणारे रूप नात्याबाहेरचे ठरते. निवाडा एका रूपावर करता येत नाही. संपूर्ण कोष्टक समोर असावे लागते. हीरालाल यांनी सुटे शब्द न देता कोष्टके दिली, याचे महत्त्व हे.

त्याच कोष्टकातील भविष्यकाळ तर दोन वंशांचा संगम आहे. ‘वो जाही’ यातील हकार संस्कृत ‘यास्यति’च्या ‘स्य’पर्यंत मागे जातो, मधली पायरी प्राकृत ‘जाहिइ’. गुजरातीतील ‘करशे’ हे त्याच कुळातले, आणि दूर बाल्टिक किनाऱ्यावर लिथुआनियन भाषेचा भविष्यकाळही याच सकाराचा. उलट ‘तैं जाबे’, ‘हमन जाबो’ यांतील बकार ‘-तव्य’ या विध्यर्थी कृदंतापासून आला आहे. बंगाली, ओडिया आणि भोजपुरी यांच्या भविष्यकाळात दिसतो तो हाच. म्हणजे छत्तीसगढीत ‘तो जाईल’ म्हणताना एक पूर्वज बोलतो आणि ‘आम्ही जाऊ’ म्हणताना दुसरा. एका काळाच्या कोष्टकात दोन मुळे असू शकतात, हे जिवंत भाषेत डोळ्यांसमोर दिसते. मग आद्य भाषेच्या क्रियापदव्यवस्थेत ‘मि’ आणि ‘हि’ असे दोन गण आढळले, तर त्यांना एकाच साच्यात बसविण्याची घाई करू नये, हे सांगायला वेगळ्या प्रमाणाची गरज उरत नाही.

५

मराठी भाषकांनी या विद्येकडे पाठ फिरविली होती, असे नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत संस्कृतपासून प्राकृतांतून देशभाषांपर्यंत उतरणारी वाट प्रथमच शिस्तीने दाखविली गेली. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. राजवाडे यांची प्रकृती वेगळी. ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ या ग्रंथात त्यांनी पाणिनीने दिलेल्या सामग्रीतूनच वेदपूर्व भाषांपर्यंत मागे जाण्याचा प्रयत्न केला. प्रत्ययांमधील विसंगतींमागे अनेक पूर्वभाषांचे मिश्रण असावे, ही त्यांची दृष्टी विलक्षण धाडसी होती. परंतु त्यांचा भर एकाच भाषेच्या आतील पुराव्यावर राहिला. एकट्या साक्षीदाराची कितीही कसून उलटतपासणी केली, तरी तो जे विसरला ते त्याच्याकडून वदवून घेता येत नाही. ‘भरामि’तला ‘मि’ नवा आहे, हे संस्कृत कधीच सांगू शकली नसती. ते अवेस्ता आणि ग्रीक यांनी सांगितले.

रायपूर-बिलासपूरच्या बाजूलाही हे काम पुढे चालले. रायपुरात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या रविशंकर विद्यापीठात भाषाविज्ञानाच्या अध्यापनाला स्वतंत्र स्थान मिळाले. नरेन्द्रदेव वर्मा यांनी छत्तीसगढीच्या उद्विकासावर ग्रंथ लिहिला. बिलासपुरात मराठी भाषक घराण्यात जन्मलेले आणि हिंदी नाटककार म्हणून ख्याती पावलेले शंकर शेष (१९३३-१९८१) यांनीही छत्तीसगढीचा भाषाशास्त्रीय अभ्यास ग्रंथरूपाने सादर केला. ‘एक और द्रोणाचार्य’च्या लेखकाने शेजारच्या बोलीच्या प्रत्ययांकडे लक्ष द्यावे, हे सहज घडलेले नाही. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या कानाला प्रत्ययांतला फरक लवकर ऐकू येतो.

६

या विद्येची खरी कसोटी मात्र रायपूरच्या दक्षिणेस, बस्तरात लागते. तेथील हलबी ही संस्थानकाळापासून विविध जमातींच्या परस्पर व्यवहाराची भाषा. ग्रियर्सन यांच्या पाहणीत छत्तीसगढीला १९०४ च्या सहाव्या खंडात पूर्वी हिंदीत स्थान मिळाले, तर हलबीला १९०५ मध्ये स्टेन कोनोव यांनी सिद्ध केलेल्या सातव्या खंडात, मराठीच्या दालनात. तिचे मिश्र स्वरूप तेथे नोंदलेले आहे. तरी दालन मराठीचेच राहिले. मराठी वाचकाला यात आश्चर्य वाटू नये, कारण हलबीचा षष्ठीचा प्रत्यय ‘चो’ आहे आणि तिच्या भूतकाळात लकार आहे. ‘चा’ आणि ‘गेला’ यांच्याइतकी मराठीची दुसरी ओळख कोणती ?

परंतु येथे शिस्तीने विचार करायला हवा. भूतकाळाचा लकार एकट्या मराठीचा नाही. प्राकृतातील ‘-इल्ल’पासून निघालेला हा प्रत्यय ओडिया, बंगाली, मैथिली आणि भोजपुरीतही भूतकाळाचा आधार झाला आहे. नकाशा पाहिला, तर पश्चिमेला मराठीचा लकार, पूर्वेला ओडियाचा लकार आणि मध्ये ‘गइस’ म्हणणारी, लकाराविना राहिलेली छत्तीसगढी. दोन्ही लकार-प्रदेश दक्षिणेकडे जेथे जवळ येतात, तेथे हलबी आहे. मग तिचा लकार कोणाचा ? प्रत्ययाचा वर्ण येथे मूक आहे. त्याचे वागणे बोलते. मराठीत ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीचे लिंग घेते. ओडिया-बंगालीत ते खाणाऱ्याच्या पुरुषाप्रमाणे चालते, आणि हलबीतही ते कर्त्याच्याच पुरुषाला धरून चालते. कर्माच्या लिंगाशी त्याचे बंधन नाही. ‘चो’ मराठीकडे बोट दाखवितो, क्रियापदाची चाल पूर्वेकडे. म्हणूनच नंतरच्या अनेक अभ्यासकांनी हलबीला मराठीच्या दालनातून काढून पूर्वेकडील भाषांच्या सान्निध्यात ठेवले.

अशीच घटना भारत-युरोपीय कुळात पूर्वी घडली होती. आर्मेनियन भाषेत इराणी शब्दांचा भरणा इतका, की दीर्घ काळ तिला इराणी शाखेतलीच समजत असत. १८७५ मध्ये हाइनरिख ह्यूब्शमान यांनी उसने आणि मूळचे यांची वर्गवारी केली, आणि ती स्वतंत्र शाखा असल्याचे सिद्ध झाले. ह्यूब्शमान यांनी जे शब्दांच्या थरांबाबत केले, ते हलबीच्या प्रत्ययांबाबत करावे लागते. प्रत्ययही क्वचित परका असू शकतो. संपर्क पिढ्यानपिढ्यांचा आणि घराघरांतला असेल, तर ‘चो’सारखा विभक्तिप्रत्यय सीमा ओलांडतो. शब्दांपेक्षा प्रत्यय अधिक विश्वसनीय, आणि प्रत्ययांतही नामाच्या प्रत्ययापेक्षा क्रियापदाची संपूर्ण व्यवस्था अधिक विश्वसनीय, अशी ही पुराव्याची उतरंड आहे. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवरही निष्कर्ष काढताना तारका विसरून चालत नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. भाषेला कोणत्या दालनात ठेवले जाते, यावर तिची शाळा, तिची पुस्तके आणि तिच्या भाषकांची स्वतःविषयीची समजूत ठरते. २०११ च्या जनगणनेत हलबीची स्वतंत्र भाषा म्हणून गणना झाली. तिच्या भाषकांची संख्या साडेसात लाखांवर होती. त्याच जनगणनेत एक कोटी साठ लाखांहून अधिक भाषक असलेली छत्तीसगढी हिंदीच्या मथळ्याखाली मोजली गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला. हा प्रतिष्ठेचा इतिहास. प्रत्ययांचा इतिहास त्याहून निराळा आहे, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. हलबी मराठीची कन्या नसेल, तर त्यात मराठीचे काही उणे होत नाही. छत्तीसगढीने ‘सि’चा सकार राखला, म्हणून ती राज्याच्या स्थापनेपूर्वी कमी भाषा होती, असेही नाही.

७

आद्य भारत-युरोपीय भाषेची पुनर्रचना ही एका हरवलेल्या सुवर्णयुगाची शोधयात्रा आहे, असा समज एकोणिसाव्या शतकात युरोपातही होता आणि आपल्याकडेही होता. श्लाइखर यांनी १८६८ मध्ये त्या भाषेत एक छोटी नीतिकथाच रचली; पुढच्या पिढ्यांनी तीच कथा आपापल्या मतानुसार पुन्हापुन्हा लिहिली, आणि प्रत्येक वेळी तिची रूपे बदलली. बदलली नाही ती पद्धत : प्रत्येक साक्षीदाराला समान आसन द्यावे, त्याच्या वयाला किंवा कुळाला भुलू नये, त्याचे सर्व म्हणणे ऐकावे आणि मगच निवाडा द्यावा. ऋग्वेद, होमर, हित्ती राजांच्या इष्टिका आणि लिथुआनियन शेतकऱ्याचे बोलणे या न्यायासनापुढे सारखेच उभे राहतात. तेथे रायपूरच्या साक्षीदारालाही जागा आहे.

मात्र साक्षीदाराला जागा मिळण्यासाठी त्याची जबानी आधी नोंदलेली असावी लागते. ज्या भाषांची कोष्टके कोणी मांडली नाहीत, त्यांचे प्रत्यय त्यांच्या शेवटच्या भाषकाबरोबर संपले, आणि तेवढी मूळ भाषाही अधिक अंधारात गेली. १८८५ च्या सुमारास एका शाळामास्तराने ‘तैं जाथस’ हे रूप त्याच्या रांगेत लिहून ठेवले. कोणत्याही शब्दावर तारका लावण्याची त्याला गरज पडली नाही, कारण तो जे लिहीत होता ते त्याच्या अवतीभवती बोलले जात होते. तारकांकित रूपांची सारी इमारत शेवटी अशाच तारकाविरहित नोंदींवर उभी राहते.